‘छळ’ शब्दाचें मर्म

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमची नात आमच्याकडे राहावयास आली होती. शाळेंत ती हिंदी शिकते. तिच्या धड्यांत ‘छल’ हा शब्द आला होता व त्याचा अर्थ तिनें वहींत ‘त्रास देणें’ असा लिहिला होता. बाईंनीं त्यावर तांबडी फुली मारली होती. वही घेऊन ती माझ्यापाशीं आली आणि म्हणाली, “आजोबा, छल म्हणजे आपला छळच ना? मग माझें चुकलें कुठें?” मीं सांगितलें, “बाईंचें बरोबर आहे. हिंदींत छल म्हणजे कपट, फसवणूक.” त्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मग आपल्याकडे फसवणुकीचा छळ कसा झाला?”

छत्तीस वर्षें मीं मुलांना मराठी व संस्कृत शिकविलें. परंतु हा प्रश्न मला कोणीं विचारला नव्हता, आणि खरें सांगावयाचें तर मींही तो स्वतःस विचारला नव्हता. तिला त्या दिवशीं जें उत्तर दिलें तें अपुरें होतें. पुढें सवड काढून जो विचार केला तो वाचकांपुढें ठेवीत आहें. शब्दाची ही चर्चा शेवटीं घरच्या उंबऱ्यापाशीं येऊन थांबते, म्हणूनच ती कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत करण्याचें धाडस करतों.

प्रथम शब्दाचें कूळ पाहूं. संस्कृतांतील एकेरी ‘ल’ दोन स्वरांच्या मध्यें आला असतां मराठींत पुष्कळ ठिकाणीं त्याचा ‘ळ’ होतो. फल–फळ, बल–बळ, काल–काळ, कमल–कमळ हीं उदाहरणें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. त्याच न्यायानें छल याचा छळ झाला. उच्चाराचा प्रवास असा सरळ आहे. अर्थाचा मात्र तसा नाहीं. संस्कृतांत छल म्हणजे कपट, मिष, बहाणा. गीतेच्या दहाव्या अध्यायांत भगवंतांनीं आपल्या विभूति सांगतांना कपट करणाऱ्यांमधील द्यूत तें मी असें म्हटलें आहे. तेथें हाच शब्द योजिलेला आहे. जयदेवानें गीतगोविंदाच्या आरंभीं दशावतार वर्णिले, त्यांत वामनानें बळीस फसविलें हें सांगतांना याच धातूचें क्रियापद आलें आहे. बळीला कोणीं मारहाण केली नव्हती. त्याला फसविलें होतें, एवढाच तेथील अर्थ.

न्यायशास्त्रानें तर या शब्दाला नेमकी व्याख्या दिली. गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत त्यांत छल हा चौदावा. बोलणाऱ्याच्या शब्दांना त्याच्या मनांत नसलेला अर्थ चिकटवावयाचा आणि त्या अर्थाच्या आधारें त्याचें म्हणणें मोडून काढावयाचें, याचें नांव छल. त्याचे तीन प्रकार आहेत. पहिला वाक्छल: एकजण ‘नव’ कांबळेवाला, म्हणजे नव्या कांबळ्याचा मनुष्य, असें म्हणतो; दुसरा ‘नव’ म्हणजे नऊ असा अर्थ घेऊन म्हणतो, ‘याच्यापाशीं नऊ कांबळीं कोठें आहेत?’ दुसरा सामान्यछल: एखादी गोष्ट संभवते असें कोणीं म्हटलें कीं तोच सर्वत्र लागू पडणारा नियम मानून त्याला चुकीचें ठरवावयाचें. तिसरा उपचारछल: लाक्षणिक बोलणें अक्षरशः घ्यावयाचें, माचे ओरडत आहेत असें कोणीं म्हटलें, तर ओरडतात तीं माच्यांवरचीं माणसें, माचे कसे ओरडतील, असें विचारावयाचें.

आतां शेजारच्या भाषांकडे पाहिलें तर मौज वाटते. हिंदींत छल म्हणजे कपटच. गुजरातींत आपल्यासारखाच ‘ळ’ आहे, तरीही तेथें छळ म्हणजे कपटच. बंगालींत बहाणा व फसवणूक हाच अर्थ टिकून आहे. कानडींत या शब्दाची निराळीच वाट; तेथें छल म्हणजे हट्ट, जिद्द, निश्चय. निर्दयपणें व वारंवार पीडा देणें हा अर्थ मुख्य होऊन बसला तो आपल्या मराठींत.

हें कसें झालें असावें? माझा तर्क असा आहे. आपल्याकडे पुराणें व कथा यांतून देवांनीं व ऋषींनीं भक्तांचें सत्त्व पाहिल्याचे प्रसंग पिढ्यान् पिढ्या ऐकले गेले. विश्वामित्र हरिश्चंद्रास ‘छळावयास’ आला. शंकर अतिथीच्या रूपानें श्रियाळाच्या दारीं ‘छळावयास’ आले आणि चांगुणेकडे तिच्या चिलयाचेंच भोजन मागितलें. दुर्वास शिष्यांसह वनांत पांडवांकडे आले तेही ‘छळावयास’. या सर्व कथांत एक कपट असतें: येणाऱ्याचा खरा हेतु झांकलेला असतो. परंतु ऐकणाऱ्याचें लक्ष त्या कपटाकडे राहत नाहीं. स्मशानांत उभा राहिलेला राजा आणि उखळापाशीं बसलेली आई, यांच्याकडे तें जातें. शब्द वापरला गेला कपटासाठीं. श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आलें तें दुःखासाठीं. हळूहळू शब्दाचा अर्थ करणाऱ्याच्या युक्तीवरून सोसणाऱ्याच्या यातनांवर सरकला.

मराठींत दुःख देण्यासंबंधींचे शब्द कांहीं थोडे नाहींत, आणि त्यांच्यांतील फरक जाणून वापर करणें अगत्याचें आहे. ‘जुलूम’ हा अरबींतून आला. वस्तु तिच्या योग्य जागेवरून काढून भलत्या जागीं ठेवणें असा त्याचा मूळ अर्थ तिकडचे कोशकार देतात. आपण तो सत्ता हातीं असलेल्यानें केलेल्या अन्यायासाठीं वापरतों. जुलूम सरकारचा, सावकाराचा. ‘हाल’ हाही अरबीच. त्याचा मूळ अर्थ केवळ ‘स्थिति’. आपल्याकडे आल्यावर स्थिति म्हणजे वाईटच स्थिति असें ठरून गेलें. हालाला करणारा लागतोच असें नाहीं. दुष्काळांतही हाल होतात. ‘काच’ म्हणजे घट्ट आवळलेली दोरी कातड्यांत रुततें तें. त्यावरून माणसाचा काच. ‘जाच’ रोजचा, बारीक, न संपणारा. ‘अत्याचार’ म्हणजे मुळांत आचाराची मर्यादा ओलांडणें. १९८९ सालीं अनुसूचित जाती व जमाती यांच्या संरक्षणासाठीं जो कायदा झाला त्याच्या नांवांत हाच शब्द आहे. ‘क्रूर’ या शब्दाचें नातें ‘क्रव्य’ म्हणजे कच्चें मांस याच्याशीं आहे. रक्तानें माखलेला हात त्या शब्दाच्या पोटांत दडलेला आहे.

या सर्वांहून छळ निराळा आहे. छळाला छळणारा लागतोच. एका चपराकीला कोणी छळ म्हणत नाहीं. त्याला पुनःपुन्हां घडणें लागतें. छळला जाणारा सहसा छळणाऱ्याच्या हाताखालचा असतो व त्याला सहज निघून जातां येत नाहीं. आणि चौथी गोष्ट ही कीं, छळणारा आपल्या कृत्याला छळ म्हणत नाहीं. तो त्याला दुसरें कांहीं नांव देतो. येथें तो जुना संस्कृत अर्थ, जो आपण हरवला असें मानतों, पुन्हां डोकें वर काढतो. प्रत्येक छळाच्या आंत एक छल असतो.

इतिहासांत पाहा. गोव्यांत १५६० पासून १८१२ पर्यंत, मध्यंतरीं थोडा काळ सोडून, जें इन्क्विझिशन चाललें त्याला आपण धर्मछळ म्हणतों. तें चालविणारे मात्र आत्म्यांचें कल्याण करीत आहों असें म्हणत. जर्मनींत १९३३ पासून ज्या बंदिस्त छावण्या उघडल्या गेल्या त्यांना मराठीनें ‘छळछावणी’ हें नेमकें नांव दिलें. तिकडे त्यांना राष्ट्राच्या संरक्षणाचें साधन म्हणत. आणि दूर कशाला जावयाचें? पुण्यांत १८४८ सालीं मुलींची शाळा निघाली तेव्हां सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर शेण व चिखल फेंकणाऱ्यांत आपल्याच आळींतील लोक होते, आणि तेही स्वतःला धर्माचे रक्षक समजत होते. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं विधवेशीं विवाह केला तेव्हां त्यांच्या मुरूड गांवानें त्यांना वाळींत टाकलें. त्यालाही छळ हें नांव कोणीं दिलें नाहीं, रीत म्हटलें.

रीतीचा विषय निघाला म्हणून आणखी एका शब्दाकडे वळतों. ‘सासुरवास’ या शब्दाचा विग्रह केला तर सासरीं वास, म्हणजे राहणें, एवढाच अर्थ निघतो. ‘माहेरवास’ हाही त्याच घडणीचा. व्याकरणाच्या दृष्टीनें दोहोंत कांहीं भेद नाहीं. तरीही माहेरवास म्हटलें कीं झोका व विसांवा डोळ्यांपुढें येतो, आणि सासुरवास म्हटलें कीं छळ. हा फरक कोणा वैयाकरणानें केलेला नाहीं. पिढ्यान् पिढ्यांच्या मुलींनीं तो केला आहे. न्यायालयांत साक्षी फिरतात. भाषेंत शिरलेली साक्ष फिरत नाहीं.

न्यायशास्त्रांतले ते तीन छल आपल्या स्वयंपाकघरांत कसे चालतात हें सांगितलें तर वाचक भगिनींना त्यांची ओळख पटेल. जेवणाच्या वेळीं सून म्हणते, “मला कांहीं नको.” उत्तर येतें, “हिला आमच्या घरचें कांहींच नको.” हा वाक्छल. “शिकलेली मुलगी आहे, हिशेब नीट ठेवूं शकेल,” असें लग्नांत कोणी म्हणालेला असतो, दुधाच्या हिशेबांत चार रुपयांची चूक निघाली कीं “शिकलेली ना? मग चुकलें कसें?” हा सामान्यछल. “दुपारीं एकटी असलें कीं घर खायला उठतें,” असें ती बिचारी म्हणते, आणि संध्याकाळीं सर्वांदेखत ऐकते कीं, “आमचें घर हिला खातें म्हणे!” हा उपचारछल. यांतील एकेक वाक्य क्षुल्लक आहे. त्यावर कोणी खटला भरणार नाहीं. परंतु वर्षभर रोज ज्याच्या शब्दांचा अर्थ असा मोडला जातो तो मनुष्य शेवटीं बोलेनासा होतो.

हें मी ऐकीव सांगत नाहीं. माझी थोरली बहीण, आमची अक्का, हिचा विवाह १९७८ सालीं झाला. आम्ही दोघेंही लहानपणीं वडिलांपाशीं एकाच सतरंजीवर बसून संस्कृत शिकलों होतों आणि तिची बुद्धि माझ्याहून तल्लख होती. सासरचें घर मोठें, नांवाजलेलें. तिचीं आंतर्देशीय पत्रें येत, तीं ओटीवर सर्वांसमोर वाचलीं जात. सर्व क्षेम असे. शेवटीं एक ओळ असे कीं, ‘मला त्रास फार होतो.’ आईनें तिच्या प्रकृतीची काळजी केली. आम्हीं सुंठ पाठविली, वैद्यांकडील औषधें पाठविलीं. एका पत्राच्या समासांत तर तिनें बारीक अक्षरांत दोनच संस्कृत शब्द लिहिले होते: ‘मम त्रासः.’ वडील कौतुकानें हंसले व म्हणाले, “पोर संस्कृत विसरली नाहीं हो.” मीही हंसलों.

दोन वर्षांनीं ती परत आली ती ओळखूं न येण्याइतकी वाळलेली. पहिले कांहीं आठवडे ती फारसें बोललीच नाहीं. एके संध्याकाळीं मी वर्गासाठीं टिपणें काढीत बसलों असतां ती शेजारीं येऊन बसली आणि तिनें विचारलें, “संस्कृतांत त्रास म्हणजे काय रे?” मीं न बघतां उत्तर दिलें, “भय. त्रस् म्हणजे भीतीनें कांपणें.” ती म्हणाली, “माझीं पत्रें पोस्टांत पडण्यापूर्वीं घरांत वाचलीं जात. भीति वाटते असें लिहितां येत नव्हतें. तेथें कोणाला संस्कृत येत नव्हतें; तुला येत होतें. म्हणून तो शब्द घातला.”

मीं लेखणी खालीं ठेवली. त्याच महिन्यांत मीं वर्गांत मुलांना सांगितलें होतें कीं, मराठींतला त्रास आणि संस्कृतांतला त्रास यांत गल्लत करूं नका. सबंध वर्गाला मीं जो अर्थ घोकून घेतला तो माझ्या सख्ख्या बहिणीच्या पत्रांत मला दिसला नाहीं. तिनें छल केला होता, स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं. तो ओळखण्याची विद्या माझ्यापाशीं होती, लक्ष नव्हतें.

त्या वेळीं कायद्यांतही तिच्या दुःखाला नांव नव्हतें. १९८३ सालीं भारतीय दंड संहितेंत कलम ४९८-क घातलें गेलें आणि पतीनें किंवा त्याच्या नातलगांनीं विवाहितेस क्रूर वागणूक देणें हा स्वतंत्र अपराध झाला. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी शिक्षा ठरली. त्यांत शरीराबरोबर मनाच्या आरोग्याचाही उल्लेख आहे, आणि बेकायदा मागणीसाठीं केलेल्या छळाचाही. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तींत हाच अपराध कलम ८५ व ८६ यांत आला आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविषयक कायद्यानें तर शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, तसेंच आर्थिक असे छळाचे प्रकार स्पष्ट सांगितले. शब्दांनींही हिंसा होते हें गौतमाचा छल शिकलेल्यांना नवें वाटावयास नको होतें. पण त्यासाठीं कायदा व्हावा लागला.

दुसरी बाजूही सांगणें न्यायाचें आहे. शब्द सैल वापरला कीं त्याची धार जाते. डासांनीं छळलें, गृहपाठाचा छळ झाला, असें आपण सहज म्हणतों. लाडानेंही ‘किती छळतोस’ असें म्हणतों. त्यांत वावगें नाहीं. परंतु सकाळीं लवकर उठावयास सांगितलें, खर्चाचा हिशेब विचारला, एवढ्यावरून कोणाला छळणारा ठरविणें हाही एक वाक्छलच होय. तक्रार येतांच घरांतील सर्वांस सरसकट अटक करूं नये, अटकेची आवश्यकता आधीं तपासावी, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिले ते याच सावधगिरीपोटीं. पण जेथें खरा छळ आहे तेथें त्याला ‘थोडें कमीजास्त व्हावयाचेंच’ असें म्हणणें हें त्याहून मोठें पाप आहे, आणि आपल्या घरांतून तेंच अधिक घडतें.

दुसऱ्यांचे दोष सांगून स्वतःचा झांकणें बरें नव्हे. माझ्या वर्गांत एक मुलगा तोतरा होता. त्याची भीड चेपावी म्हणून मी त्याला रोज उभें करून मोठ्यानें वाचावयास लावीत असें. मुलें हंसत, मी त्यांना दटावी, पण वाचन थांबवीत नसें. मी त्याला ‘सराव’ म्हणत होतों. वर्ष संपण्यापूर्वींच त्यानें शाळा बदलली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानें मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक त्रास देण्यास मनाई केली, तें कलम शिक्षकांच्या खोलींत वाचलें गेलें तेव्हां माझ्या डोळ्यांपुढें तोच मुलगा उभा राहिला. हेतु चांगला होता असें मी आजही म्हणूं शकतों. परंतु छळणारे सर्वच तसें म्हणतात, हें आतां कळतें.

अक्कानें पुढें माहेरीं राहूनच अभ्यास पुरा केला, बालवर्गावर नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत ती केली. ती आजही आमच्याजवळ आहे. नातीच्या वहींतील ती फुली मीं तिला दाखविली. तिनें चष्मा लावून ती पाहिली आणि म्हणाली, “पोरीचें अर्धें बरोबर आहे. बाईंचेंही अर्धेंच.”

वाचकांपाशीं मागणें एवढेंच. आतां पत्रें येत नाहींत. दूरध्वनीवर दोन वाक्यें ऐकूं येतात आणि मागें घरांतील माणसांचा वावर ऐकूं येतो. आपली मुलगी, बहीण, भाची, किंवा परगांवीं वसतिगृहांत राहिलेला मुलगा बोलतां बोलतां ‘थोडा त्रास आहे’ असें म्हणाला, तर औषधाचें नांव सांगण्याची घाई करूं नये. कसला त्रास, आणि कोणाचा, हें विचारावें. तेथें बोलतां येत नसेल तर जाऊन विचारावें.